डिफर्ड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन

आमच्या प्रज्ञाला अमेरिकेतल्या कॉलेजात प्रवेश मिळाला म्हणून आम्ही पेढे वाटले, तेव्हा तिला प्रवेश मिळालेला नव्हता. नाकारलेलाही नव्हता. हे मधलंच काय असतं ते अख्ख्या घरात फक्त प्रज्ञाला ठाऊक होतं, आणि तिला पुरतं बोलू देईल तर ती तिची आई कसली?

ती आई म्हणजे मी. बिदरजवळ कमठाण्याच्या शाळेत इंग्रजी शिकवते. (हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं हसताना तुम्हाला संकोच नको.)

प्रज्ञा तेव्हा कलबुर्गीला वसतिगृहात राहून बारावी करत होती. तिनं आपली आपणच इंटरनेटवर हुडकाहुडकी करून स्कॉलरशिप देणारं एक कॉलेज शोधलं आणि नोव्हेंबरात अर्ज टाकला. त्या प्रकाराला 'अर्ली अ‍ॅक्शन' म्हणतात. बाकीच्यांच्या आधी अर्ज करायचा, डिसेंबरात उत्तर मिळतं, आणि होकार आला तरी आपण बांधलेले नसतो. माझ्या नणंदेला, म्हणजे मंठाळच्या अक्कांना, मी हे सगळं समजावून सांगितलं. त्या म्हणाल्या, "म्हंजे नुसती बघाबघी. सुपारी न्हाई फुटली अजून."

तर डिसेंबर आला. तिकडची संध्याकाळ म्हणजे आपली सकाळ. शाळेची प्रार्थना संपत आलेली, पोरं रांगेत एकमेकांना चिमटे काढत उभी, आणि शेजारच्या रस्त्यानं उसाचा ट्रॅक्टर मोठ्यानं गाणी लावून चाललेला. तेवढ्यात फोन वाजला.

"मम्मी, निकाल लागला. डिफर्ड झालेय."

"काय झालीस?"

"डिफर्ड गं. डिफर्ड."

आता 'डिफर' म्हणजे वेगळं असणं. माझा हातखंडा शब्द! 'डिफर फ्रॉम' म्हणायचं, 'डिफर टू' म्हणायचं नाही, एवढ्यासाठी मी कितीतरी पोरांना बाकावर उभं केलंय. त्या कॉलेजनं जगभरची पोरं बघितली आणि माझ्या लेकीच्या नावापुढं लिहिलं, ही सगळ्यांहून वेगळी आहे. माझे डोळे भरून आले. तिकडं तिचाही आवाज चिरकला होता. आनंदानं माणसाचं असंच होतं, असं मला वाटलं.

"पिल्ल्या, रडायलीस कामून? मला लई अभिमान वाटायलाय तुझा."

पलीकडून बारीक आवाजात, "खरंच, मम्मी?"

"खरंच म्हंजे? अगं, आपल्या खानदानात अजून कुणी झालं न्हाई डिफर्ड."

"आता मार्चपर्यंत थांबायचंय."

"थांबू की. कपडे शिवायला टाईम नको का?"

ट्रॅक्टरनं दुसरं गाणं लावलं आणि फोन कटला.

शेजारी उभ्या हेडमास्तरांना आधी बातमी सांगितली. ते कानडी माणूस. "सिहि एल्लि, मॅडम?" मिठाई कुठंय, म्हणून त्यांनी हात पुढं केला आणि माईकवरून कानडीत सगळं जाहीर करून टाकलं. पोरांनी खूप टाळ्या वाजवल्या, कारण पहिला तास बुडत होता.

मग ह्यांना कळवलं. हे वीज खात्यात आहेत. एरवी घराला आग लागली सांगितलं तरी "बघू" म्हणणारा माणूस, पण त्या दिवशी संध्याकाळपर्यंत ऑफिसात, गल्लीत आणि विहारात पेढे वाटून मोकळे झाले. दुसऱ्या दिवशी अक्का मंठाळहून कडक भाकरीचा डबा आणि शेंगाची चटणी घेऊन हजर. "अमेरिकेला ह्येच टिकतंय," म्हणाल्या. (पोरगी जाणार होती ती पुढच्या ऑगस्टात!) तिसऱ्या दिवशी ह्यांच्या दोस्तांनी ठरवलं की चौकात बॅनर लावायचा. मजकूर काय टाकू, असं बॅनरवाल्यानं विचारल्यावर सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी ऐटीत सांगितला:

'अमेरिकेच्या कॉलेजात डिफर्ड झाल्याबद्दल कु. प्रज्ञा हिचे हार्दिक अभिनंदन!'

मध्ये प्रज्ञाचा दहावीच्या हॉल तिकिटावरचा फोटो आणि भोवतीनं शुभेच्छुकांचे तिच्याहून मोठे फोटो. त्यातल्या एकानं काळा गॉगल घातला होता. पोरीला फोनवर काही सांगायचं नाही, शनिवारी येईल तेव्हा तिच्याच डोळ्यांनी बघू दे, असं ठरलं.

शनिवारी मी बॅनरखालीच उभी राहिले. प्रज्ञा बसमधून उतरली. बॅनर वाचला, माझ्याकडं बघितलं, आणि पुन्हा वाचला.

"मम्मी, ह्ये कुणी लिवलं?"

"मी," पदर सारखा करत मी म्हणाले.

"डिफर्ड म्हंजे काय, ठाऊक हाय का तुला?"

हा प्रश्न इंग्रजीच्या मास्तरणीला, भर चौकात!

"वेगळी," मी म्हणाले.

"त्यात दोन एफ असतेत. ह्यात एकच एफ हाय. पुढं ढकललंय मला, मम्मी. घेतलं बी न्हाई, सोडलं बी न्हाई. मार्चमधी बाकीच्या पोरांसोबत परत बघणारेत."

ज्या चौकात मला येता-जाता सगळे "जयभीम, मॅडम" करतात, त्याच चौकात एका एफनं माझी अशी शोभा केली. आम्ही घरी आलो.

घरी अक्कांनी चौकशी सुरू केली. "नकार दिला का?"

"न्हाई, आत्या."

"मंग होकार?"

"तो बी न्हाई."

"कळलं," अक्का म्हणाल्या. "पोहे खाऊन 'कळवतो' म्हणून गेले मेले."

हे बोटांवर काहीतरी मोजत होते. मग म्हणाले, "पेढे वाटलेत की गं. आता परत कसे मागायचे?" त्यावर अक्कांनी आपला भाकरीचा डबा हळूच जवळ ओढून घेतला, आणि मला मेलीला हसू आलं. प्रज्ञा मात्र हसली नाही. उठून आत स्वयंपाकघरात जाऊन बसली. मी मागोमाग गेले.

"आत्ताच्या आत्ता काढायला सांगते बॅनर. चुकलं गं माझं."

"बॅनरचं न्हाई, मम्मी." तिचे डोळे भरले होते. "त्या दिवशी मला लई वाईट वाटायलं होतं. तुला फोन करायची भीती वाटायली होती. आन् तू म्हणलीस, अभिमान वाटायलाय. मला वाटलं, त्येंनी घेतलं न्हाई तरी मम्मीला अभिमान हाय माझा. त्याच्यावरच दिवस काढले मी. आता कळायलंय, तुला कळलंच नव्हतं."

वर्गात उत्तर येत नसलं की मी पोरांना पुढचं पान उघडायला सांगते. इथं काय सांगणार? तिला जवळ ओढलं आणि म्हणाले, "येडे, शब्द कळला न्हाई मला. तू तर कळतीस की."

बाहेर आले तर हे खात्याची शिडी खांद्यावर घेऊन निघालेले.

"शिडी ठेवा खाली. बॅनर ऱ्हाऊ द्या."

"अगं, लोक हसतील."

"हसू द्या. डिफर्ड झाल्याबद्दल अभिनंदन लिवलंय. झालीय का न्हाई पोरगी डिफर्ड? मग चूक कुठंय?"

आतून प्रज्ञाच्या हसण्याचा आवाज आला आणि पाठोपाठ कडक भाकरी मोडल्याचा.

बॅनर पुढं बरेच दिवस राहिला. येणारा-जाणारा विचारायचा, मी थांबून प्रत्येकाला अर्थ सांगायची. त्यामुळं आमच्या गल्लीत आता कुणी नापास होत नाही, सगळे डिफर्ड होतात. जानेवारीत प्रज्ञानं कॉलेजला नवे मार्क आणि छोटंसं पत्र पाठवलं. "मी एकदा वाचून बघू का?" असं विचारलं, तर "नको, मम्मी" म्हणाली. फार प्रेमानं म्हणाली.

मार्च महिना. मी सातवीच्या वर्गावर होते. फोन वाजला.

"मम्मी, निकाल लागला!"

"थांब," मी म्हणाले. एकदा ठेच लागलेली बाई मी. "अर्थ सांगू नको. आधी स्पेलिंग सांग."

ती एकेक अक्षर सांगत गेली आणि मी फळ्यावर लिहीत गेले. ए, डी, एम, आय, दोन टी, ई, डी. दोन टी आहेत ना, हेही विचारून घेतलं. अख्ख्या वर्गानं एका सुरात वाचलं, "अ‍ॅडमिटेड!"

"म्हंजे तू अ‍ॅडमिट झालीस?"

"व्हय, मम्मी. अ‍ॅडमिट झाले!" तिला बोलवत नव्हतं, हुंदके ऐकू येत होते.

माझ्या हातातला खडू गळून पडला. टेबलाला धरून कशीबशी उभी राहिले आणि विचारलं, "कुठल्या दवाखान्यात?"