प्रिस्काबायच्या पोटात राहिलेली गोष्ट

गिरीज गावात एखादी बातमी पसरवायची असेल, तर ती प्रिस्काबायला सांगून वर "कुणाला बोलू नका" म्हटलं की काम झालं. तिच्या तोंडात तीळ भिजत नसे. कुवेतमध्ये लोकांची मुलं सांभाळता सांभाळता ती फर्डं अरबी शिकली होती, तेही बहुतेक भांडणांतून.

या अरबीमुळेच २००६ साली तिला चर्चमागच्या दवाखान्यातून दुभाषी म्हणून बोलावणं आलं. तिथे मनोविकाराच्या डॉक्टर वसुंधराताई दर शनिवारी येत. बगदादहून जीव मुठीत घेऊन आलेली हनान नावाची शिक्षिका त्यांच्याकडे येत होती. ती राहायची गिरीजलाच, इझाबेलच्या वाडीतल्या खोलीत. झोप तिला कायमची सोडून गेली होती. खोलीतला दिवा रात्रभर जळत असे.

ताईंनी प्रिस्काबायला बजावलं, "ती 'मी' म्हणाली की तुम्हीही 'मी'च म्हणायचं. पदरचं काही घालायचं नाही. आणि इथलं बाहेर न्यायचं नाही."

"म्हणजे तोंड माझं, पण बोलणं माझं नाही," प्रिस्काबाय म्हणाली. तिला जरा वाईटच वाटलं.

पहिल्या शनिवारी हनाननं बगदादबद्दल चकार शब्द काढला नाही. प्रिस्काबायकडे बराच वेळ बघून ती थोडंसं बोलली. प्रिस्काबायनं ते मराठीत सांगितलं, "इझाबेल मला माशाचं कालवण पाठवते. ते माझ्या घशाखाली उतरत नाही. मी मांजराला घालते."

आता इझाबेल ही प्रिस्काबायची शेजारीण, आणि लग्न होऊन आल्यापासून दोघींचं कालवणावरून हाडवैर. त्यात ती मासळीवालीच्या पाटीपुढे सगळ्यांना सांगत सुटलेली, "परदेशची बाई, पण माझ्या कालवणावर जीव टाकते." ते ऐकलं की प्रिस्काबायच्या जिभेला अशी खाज सुटे की ती बोंबील न घेताच घरी परते. बायको गप्प बघून नवरा स्टॅनी घाबरला. त्यानं तिच्या कपाळाला हात लावून ताप पाहिला.

असे बरेच शनिवार गेले. मग एकदा हनान खुर्ची पुढे ओढून बसली. तिचं बोलणं प्रिस्काबाय सांगू लागली, "ते कालवण मी बोटं चाटून खाल्लं. मांजराला काटासुद्धा दिला नाही. माझा शब्द या खोलीबाहेर जातो का, ते मला बघायचं होतं." सांगताना प्रिस्काबायचे कान तापले. पुढचंही तिनं 'मी' म्हणूनच सांगितलं. "माझा भाऊ कुठे लपलाय, ते मी विश्वासानं शेजारणीला सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्याला घेऊन गेले. माझ्यामुळे गेला तो."

हनान रडली. प्रिस्काबायही रडली. नियमात ते बसत होतं की नाही, देव जाणे. ताईंनी दोघींपुढे पाण्याचे पेले ठेवले.

हनान दर शनिवारी भावाबद्दल बोलू लागली. काही दिवसांनी इझाबेल कुंपणाशी आली, हातात कालवणाची वाटी.

"प्रिस्काबाय, ती आता दिवा मालवून झोपते. माझ्या कालवणाबद्दल काही बोलते का हो तिथे?"

कालवणाची निंदा पोटात ठेवणं एकवेळ जमलं होतं, पण हनानची ही स्तुती त्याहून जड होती. "मला नको विचारू," प्रिस्काबाय म्हणाली. मग वाटीत बोट बुडवून तिनं चाटलं. "मी माझ्यापुरतं सांगते. फार छान करतेस तू कालवण."

इझाबेलनं वाटी खाली ठेवली आणि कुंपणावरून हात लांब करून तिच्या कपाळाला लावला.