ठशांवरून चालणारे सुभेदारकाका

सुभेदारकाका वाळूवर स्वतःचं नवं पाऊल कधी उमटवत नसत. दुबईजवळच्या जबल अलीतल्या आमच्या कामगार कॅम्पमध्ये गेटपासून खोल्यांपर्यंत नुसती मोकळी वाळू होती. आम्ही तिरके, आडवे, कसेही जायचो. काका मात्र गाडीच्या चाकाची खूण, नाहीतर कुणाचा तरी ठसा शोधून त्यावरच पाय टाकत. सहा फुटी माणूस, झुपकेदार मिशा आणि चालणं सप्तपदीतल्या नवरीचं! मी चिपळूणहून आलेला नवा टाइमकीपर, जिभेला हाड नसलेला. एकदा मी त्यांना चारचौघांत यावरून चिडवलं. ते शांतपणे म्हणाले, "पुढचा गेलाय तिथनंच जायाचं, बाळ. पुढं कुणी नसलं तर थांबायचं."

काका साताऱ्याकडचे, पलटणीतून निवृत्त होऊन कॅम्पचे वॉचमन झालेले. भारताने श्रीलंकेत शांतिसेना पाठवली, त्या लढाईत ते जाफन्याकडे होते. लढाईचं सांगा म्हणून मागे लागलं, की हे तिथल्या नारळाच्या चवीवर घसरत. जोडीदार सखारामबद्दल मात्र न विचारता सांगत. त्याचं एकच पाऊल वाटेबाहेर पडलं आणि सुरुंग फुटला. तिथेच एका विहिरीशेजारी, ताडांखाली, काकांनी त्याला अग्नी दिला. गावी फक्त त्याची ट्रंक गेली.

"सुट्टीला गेलो की त्याची आई इचारती, जागा कशी हाय रं, सावली हाय का? मी हाय म्हणतो. पर बारा वर्सांत काय ऱ्हायलं आसंल तिथं? मूठभर माती तरी म्हातारीच्या हातात द्याया पायजे हुती." हे सांगताना ते माझ्याकडे बघत नसत.

आमच्या मेसचा आचारी शिवा जाफन्याचाच, तमिळ. पहिलं वर्षभर दोघं एकमेकांकडे पाठ करून असायचे. शिवाचं घर त्या लढाईतच जळालं होतं. कुणी जाळलं, हे त्याने सांगितलं नाही आणि काकांनी विचारलं नाही. पुढे काका तापाने आठवडाभर पडले, तेव्हा शिवा रोज भाताची पेज घेऊन त्यांच्या उशाशी बसला. तेव्हापासून दुपारचा चहा दोघं एकत्र घेऊ लागले.

दोन हजार दोन साली तिकडे शस्त्रसंधी झाली आणि शिवा कित्येक वर्षांनी घरी निघाला. काकांनी त्याला कागदावर देऊळ, विहीर, ताड असा नकाशा काढून दिला. तो बघून शिवा इथल्या बोलीच्या सवयीने म्हणाला, "ये कुआँ मालूम है, साब. इन्शाल्ला, मिट्टी लायेगा."

शिवाची गाडी गेली आणि तासाभरात काका माझ्या ऑफिसात आले. चेहरा पांढराफटक. "आरं, मी काय करून बसलो? तिथलं सुरुंग कुणी काढलं आसतील? त्या वाटंवर मी माणूस धाडला!"

शिवाच्या गावात फोन नव्हता. दोन महिने काका धड जेवले नाहीत. ड्युटी संपली तरी गेटावरच खुर्ची टाकून बसत. मातीचं नावही काढत नसत. त्यांची थट्टा करायची माझी खोड त्या दोन महिन्यांत कायमची गेली.

एका दुपारी कंपनीच्या बसमधून शिवा उतरला. काका मागे पाण्याच्या टाकीपाशी होते. मी हाक मारली. त्यांनी ना चाकाची खूण पाहिली, ना कुणाचा ठसा. कोऱ्या वाळूतून सरळ पळत आले.

शिवाने मान खाली घातली. "माफ करना, साब. उधर लाल बोर्ड है, माइन का. दूर से देखा. मिट्टी नहीं लाया."

"अच्छा किया. बहुत अच्छा किया," म्हणत काकांनी त्याला मिठी मारली आणि लहान मुलासारखे रडले. मग डोळे पुसून हळूच विचारलं, "छाँव है?"

"है, साब. सब ताड खड़ा है."

त्याच वर्षी काका कायमचे गावी गेले. मी अजून इथेच आहे, आणि मोकळ्या वाळूतून जाताना आजही मला ते पुढे चालताना हवे असतात. गावाहून त्यांचं एकच पत्र आलं. त्यात लिहिलं होतं, "म्हातारीला भेटलो. सावली हाय म्हणून सांगितलं. या खेपेला खरं बोललो."