चिंचवडातली इर्जिक

भोरहून निघताना आईनं माझ्या पिशवीत तिळाच्या वड्या घातल्या आणि वर काथ्याची दोरी ठेवली. वड्या भाच्यांसाठी, दोरी बहिणीचा संसार बांधून आणण्यासाठी. आमचे दाजी (बहिणीचे यजमान) चिंचवडला पत्र्याचे डबे करणाऱ्या एका लहानशा कारखान्यात होते. यंत्राखाली त्यांचा उजवा हात चेचला. मजुरी उक्ती, म्हणजे जेवढी झाकणं पाडाल तेवढीच. हात थांबला तशी मजुरीही थांबली, आणि कारखान्यामागची खोली सोमवारपर्यंत रिकामी करायला शेठनं सांगितलं. भोरात माझं काय, तर एक पानाचं दुकान आणि चालती जीभ. एवढ्यावर आणखी चार तोंडं कशी पोसायची?

पुण्यात लोणावळ्याच्या गाडीत बसलो आणि अशी डुलकी लागली, की चिंचवड मागं पडून थेट देहूरोड आलं. फलाटावर लष्करी जवान आणि त्यांच्या ट्रंका. तिकीट तपासनिसाशी हुज्जत घातली, हरलो, आणि उलट्या गाडीनं परत फिरलो. खिडकीबाहेर हुरड्यात आलेली ज्वारी आणि मध्येच नव्या कारखान्याची भिंत. भोंगा झाला की कणसांवरची पाखरं उडायची आणि लगेच परत यायची. त्यांना सवय झाली असावी.

बहिणीनं पिठलं-भाकरी वाढली. दाजींचा हात फडक्यात गुंडाळलेला. "शिमग्यापर्यंत बरा होईल म्हणतात डॉक्टर," ते म्हणाले. "पण तोवर यंत्रावर दुसरा माणूस बसेल. मग मला कोण विचारतो?" मी पिशवीतली दोरी काढलीच नाही. बहिणीला मात्र ती दिसली होती.

रात्रभर मी शेठला मनातल्या मनात शिव्या घातल्या. रविवारी, म्हणजे सुट्टीच्या दिवशी, सकाळी बाहेर येऊन पाहतो तर कारखान्याच्या फाटकाशी सगळे कामगार गोळा झालेले. पुढं नबीभाई. हे जवळच्याच गावचे, दाजींच्या शेजारच्या यंत्रावरचे. आतल्या बाजूला किशनशेठ. त्यांनी फाटकाला कुलूप घातलं होतं आणि चेहरा पांढराफटक पडला होता.

"संप करता?" शेठ ओरडले.

"संप न्हाई शेठ. इर्जिक हाय."

"इर्जिक? ये कौन सी नई युनियन?"

सगळे हसले, तसे शेठ जास्तच घाबरले. अखेर मी पुढं झालो. इर्जिक म्हणजे अडलेल्या माणसाच्या शेतात गावानं आपापले बैल घेऊन एक दिवस राबायचं आणि शेतवाल्यानं सगळ्यांना जेवू घालायचं, हे त्यांना समजावलं.

"ह्या पाव्हण्यांच्या दाजींचं यंत्र हेच त्यांचं शेत म्हणा की," नबीभाई म्हणाले. "हात बरा हुईस्तवर दर रविवारी आमी पाळीपाळीनं बसतो. झाकणं त्यांची धरा, खोली ऱ्हाऊ द्या. फुकाट काय बी नको."

शेठ म्हणाले, "मी कराची सोडून आलो तेव्हा अंगावरचे कपडे होते, बस. पिंपरीच्या निर्वासित कॅम्पात पापड विकले, मेहनत केली. मला कोणी दिलं?"

"तुमची मेहनत आमी बघितलीय," नबीभाई शांतपणे म्हणाले. "पर कॅम्प नवा व्हता तवा आमच्या गावानं भाकरी धाडल्या व्हत्या. तुमी बी खाल्ल्या असतील."

शेठनी खिशातून किल्ली काढून कुलपाला लावली.

"ठेचा होता बरोबर," ते हळूच म्हणाले. "फार तिखट." आणि त्यांनी किल्ली फिरवली.

यंत्राचा पहिला ठोका ऐकून दाजी खोलीच्या दारात ओक्साबोक्शी रडले. मलाही राहवलं नाही. दुपारी बहिणीनं गुळाची लापशी केली. पंगत बसते न बसते तोच शेठ आणि शेठाणी मोठं पातेलं घेऊन आले. आत साईभाजी (पालक आणि डाळ घोटून केलेली भाजी) होती.

"हे कशाला?" बहिणीनं विचारलं.

"शेतवाला जेवण देतो ना?" शेठ म्हणाले. "मग शेत तर माझंपण आहे."

ते पंगतीत बसले आणि लापशी मागून घेतली.

परतताना गाडीतून पिंपरीच्या बराकी दिसल्या. खाटांवर पापड वाळत होते. शेठची मेहनत खरी होती, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण ती भाकरीही खरी होती. आणि ज्याच्या शेजारी नबीभाई नसेल त्यानं काय करायचं? दर वेळी कुणाला तरी ठेचा आठवायची वाट बघत बसायची का? यासाठी कायदाच हवा, असं मी शेजारच्या प्रवाशाला ठणकावून सांगितलं. तो झोपला होता. माझं मन मात्र इतकं हलकं झालं होतं, की या वेळी डुलकीसुद्धा लागली नाही.

घरी आईनं मागची खोली सारवून ठेवली होती. मला एकट्याला पाहून ती दारातच थबकली.

"माणसं कुठायत?"

"त्यांच्याच घरी."

आई मटकन ओट्यावर बसली. डोळे पुसले आणि मग माझी रिकामी पिशवी चाचपली.

"आणि दोरी रे?"

"ठेवून घेतली तिनं," मी म्हणालो. "धुणं वाळत घालायला."