भाऊ डोकं बाहेर काढेना

माझे काका न्हावी. हात चालायचा त्याच्या दुप्पट तोंड चालायचं. गिऱ्हाइकाच्या गळ्याभोवती एकदा कापड बांधलं की त्याची सुटका नसे. केस कापून झाले तरी गोष्ट संपलेली नसायची, मग काका कानामागचे आणखी थोडे कापायचे. आमच्या गल्लीतले पुरुष इतके बोडके का दिसतात, हे बाहेरच्या माणसाला कळत नसे.

पण काकांच्या मते त्यांचं मन लावून ऐकणारा एकच होता: खुर्चीखाली राहणारं कासव. त्याचं नाव भाऊ. काका बोलू लागले की भाऊ डोकं आत ओढून घ्यायचा आणि दगडासारखा बसून राहायचा.

"बघा, कसा तल्लीन झालाय," काका म्हणायचे.

"तुला हवा तसा भाऊ मिळाला एकदाचा," माझे बाबा, म्हणजे काकांचे सख्खे भाऊ, म्हणायचे. "पळायचं ठरवलं तरी दारापर्यंत जाता जाता संध्याकाळ होईल बिचाऱ्याची."

पुढे काकांचे गुडघे कुरकुरू लागले. दिवसभर उभं राहणं जमेना. सीमेपलीकडे सासर असलेल्या त्यांच्या लेकीने, माझ्या ताईने, हट्टच धरला की आता इकडेच या, कायमचे. काकांनी दुकान विकलं, भाड्याची खोली सोडली. अट मात्र घातली, भाऊ बरोबर येणार. "तिथे माझं ऐकणारं कोण आहे? जावई सदा कानांत गाण्याची बोंडं घालून फिरतो."

जनावरांच्या डॉक्टरांचा शिक्क्याचा दाखला घेतला आणि मी सोबतीला म्हणून काकांबरोबर बसमध्ये बसले. भाऊ काकांच्या मांडीवर, भोकं पाडलेल्या खोक्यात.

सीमेवरच्या तपासणीच्या खोलीत एक टेबल, एक वजनकाटा आणि टेबलामागे जांभई आवरणाऱ्या मॅडम होत्या. त्यांनी दाखला वाचला आणि बाजूला सारला.

"नियम बदललाय, कालपासून. नुसता कागद चालत नाही. जनावर धडधाकट आहे हे आम्ही स्वतः बघायचं, मालकासमोर. डोकं दिसलं पाहिजे, चार पावलं चाललं पाहिजे. नाहीतर परत न्या."

"एवढंच ना?" काकांनी भाऊला टेबलावर ठेवलं. "अहो, हा म्हणजे वाघ आहे वाघ! एकदा काय झालं..."

भाऊने जे काही बाहेर होतं तेही आत घेतलं.

काकांनी ती गोष्ट संपवली, दुसरी काढली. मॅडमनी काकडीचा काप आणवला. काकांनी काकडीवरून तिसरी गोष्ट काढली. भाऊ गोल, गप्प, दगड. बाहेर बसचा भोंगा वाजू लागला.

"मी ड्रायव्हरला समजावून येतो," म्हणत काका बाहेर गेले. आता ड्रायव्हरची धडगत नव्हती.

खोलीत शांतता झाली. जरा वेळाने कवचातून एक नाक आलं, मग डोळे. भाऊने खोलीभर नजर फिरवली आणि लुटुलुटु काकडीकडे निघाला. मॅडमनी घाईने पेन उचललं. तेवढ्यात दार उघडलं. "तर ड्रायव्हर मला म्हणतो काय..." आणि काकडीपाशी पुन्हा दगड.

मॅडम माझ्याकडे बघत राहिल्या, मी त्यांच्याकडे. दोघींनाही एकदमच कळलं होतं. सांगायचं कोणी, एवढाच प्रश्न होता.

"काका," मीच म्हटलं, "तुम्ही जरा... बोलू नका."

"का? मी बोललो नाही तर घाबरेल तो."

"तुम्ही बाहेर गेलात तेव्हा चालला तो. काकडीपर्यंत."

काकांनी काकडीकडे बघितलं, मग भाऊकडे. काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. ते स्टुलावर बसले, तोंडावर पंजा दाबून. काय सांगू त्यांचे हाल! गाल फुगत होते, भुवया एखादी अख्खी हकिगत सांगून मोकळ्या होत होत्या, पण आवाज नाही. काकांना इतका वेळ गप्प मी तोपर्यंत पाहिलं नव्हतं.

मॅडमनी काकडी टेबलाच्या दुसऱ्या टोकाला सरकवली. नाक आलं. डोळे आले. भाऊ काकांसमोरून चालत गेला आणि त्याने काकडीचा लचका तोडला. मॅडमनी सही ठोकली.

बस सीमा ओलांडून पुढे निघाली तरी काका बोलेनात. ड्रायव्हरने आरशातून विचारलं, "काकांना बरं नाही का?"

काका खिडकीबाहेर बघत हळूच म्हणाले, "म्हणजे इतकी वर्षं तो ऐकत नव्हता."

"आम्ही ऐकत होतो ना," मी म्हटलं.

"तुम्हाला मी सोडतच नव्हतो."

मी त्यांच्या हातावर हात ठेवला. खोक्याचं झाकण उघडं होतं. त्या गप्पपणात भाऊ कधी वर आला कळलंच नाही. खोक्याच्या काठावर हनुवटी टेकून तो बाहेरची झाडं बघत होता. काका श्वास रोखून वाकले.

"अगं," ते इतकं हळू कुजबुजले की मला कान जवळ न्यावा लागला, "केवढी लांब मान आहे ह्याची! आणि सुरकुत्या बघ. अशा मानेवर वस्तरा चालवायचा म्हणजे कातडी ताणून धरायला दुसरा माणूस लागेल."