तोंडाला ब्रेक नसलेले मास्तर

मास्तर गाडी चालवायला शिकवायचे. शिकाऊ गाडीत त्यांच्या पायाशी वेगळा ब्रेक होता; तोंडाला मात्र नाही, असं शिकणारे म्हणायचे. पूर्वी हाच माणूस ‘क्लच’, ‘आरसा’ आणि ‘अरे देवा’ एवढ्यावर अख्खा तास काढायचा.

बदलले ते मुलीच्या आजारपणानंतर. दुसरीतली पोर सकाळी उठली की डोकं धरायची, रिकाम्या पोटी उलटी करायची आणि मग खुशाल खेळायला लागायची. पित्त आहे, असं आजीने ठरवलं. शाळेचा कंटाळा आहे, असं मास्तरांनी. डॉक्टरांनी पोटाचं औषध दिलं. पोटाला काही झालंच नव्हतं, त्यामुळे पोट छान राहिलं. पुढे पोर मान तिरकी करून बघू लागली, चालताना दाराच्या चौकटीवर आपटू लागली. तेव्हा बायको म्हणाली, “आता पुरे. हिच्या डोक्याचा स्कॅन करायचा.”

लहान मेंदूत गाठ निघाली. कॅन्सरची. मास्तरांनी डॉक्टरांना विचारलं, “शाळेत कधीपासून पाठवू?” दुसरं काही सुचेचना.

ऑपरेशन झालं, रेडिएशन झालं, केमो झाली. केस गेले, परत आले, कुरळे आले. पोर वाचली. चालताना अजून भिंतीला हात लावते. कुणी हात पुढे केला तर म्हणते, “भिंत बरी. ती सल्ले देत नाही.”

तेव्हापासून सिग्नलला गाडी थांबली की मास्तर सुरू. “घरी लहान मूल आहे? सकाळी डोकं दुखतं? उलट्या? तोल जातो? बहुतेक वेळा काही नसतं. पण पुन्हा पुन्हा होत असेल तर दाखवून घ्या. आता क्लच सोडा, हळू.”

एका बाईंनी क्लच एकदम सोडला. गाडी गचका देऊन बंद पडली.

“माझा मुलगा रोज सकाळी डोकं धरून बसतो,” त्या म्हणाल्या.

मागचे हॉर्न वाजवत होते. मास्तर उतरले, मागच्यांना हात जोडले, स्वतः स्टिअरिंगवर बसले आणि बाईंना घरी नेऊन मुलासकट दवाखान्यात सोडलं.

पुढच्या आठवड्यात बाई आल्या त्या तणतणतच. “सगळं तपासलं. स्कॅनसुद्धा झाला. नुसता चष्मा लागलाय त्याला! माझ्या डोळ्याला डोळा लागला नाही, मास्तर. लोकांना घाबरवून मिळतं काय तुम्हाला?”

“डोक्यात काही नाही?”

“नाही म्हणतेय ना!”

“नक्की?”

मास्तर बॉनेटला टेकले. त्यांनी रुमाल काढला आणि ते भर रस्त्यात तोंड झाकून रडले. बाईंचा राग अर्ध्यावरच अडकला. थोड्या वेळाने त्याही शेजारी टेकल्या.

घरी गेल्यावर मास्तरांनी पोरीला सगळं सांगितलं.

“म्हणजे तुम्ही चुकलात, बाबा.”

“साफ चुकलो,” मास्तर खुशीत म्हणाले.

“मग आता त्या यायच्या बंद?”

“छे. येतील. रिव्हर्स कुठे जमतोय त्यांना अजून.”