धुळीत उतरलेला पहिला नमुना

फौजेच्या एव्हिएशन वर्कशॉपमधून हवालदार म्हणून निवृत्त झालो आणि सौदीत, रास अल खैरजवळच्या वाळवंटात आलो. इथे एका कंपनीच्या नव्या हलक्या हेलिकॉप्टरच्या चाचण्या चालू होत्या. एकच इंजिन, आत चार माणसं किंवा एक स्ट्रेचर, चाकांऐवजी खाली स्किड, म्हणजे दोन आडव्या नळ्या. वाळू आणि ऊन सोसेल असं मशीन बनवायचं होतं. टेस्ट पायलट मेजर जाधव, तेही आपल्या फौजेतून निवृत्त, साताऱ्याचे. शेजारी फहद हा सौदी इंजिनिअर बसायचा.

सकाळी उड्डाण, दुपारी दुरुस्ती. इंजिनात वाळू जाऊ नये म्हणून फिल्टर मोठा केला, तर ताकद कमी पडली. शेपटी मजबूत केली, तर थरथर केबिनमध्ये आली.

"कदम, एकाला मनवलं की दुसरं रुसतं," जाधवसर म्हणायचे.

त्या सकाळी वाळूत उतरायची चाचणी होती. मी बाकीच्या टीमसोबत तंबूत रेडिओवर होतो.

"बेस, गिअरबॉक्स वॉर्निंग. उतरतोय."

"रॉजर, सर."

लगेच पुन्हा आवाज. "वॉर्निंगचा दिवा विझला. तेलाचं प्रेशर नॉर्मल." मग फक्त, "थांब."

यापुढचं मला आजही नीट लावता येत नाही. तंबूच्या उघड्या दारातून दिसलं, मशीन सरळ आमच्याकडे येत होतं. मग एकदम डावीकडे वळलं, धुळीचा लोट उठला. आवाज कुठून आला कळेना. मी धावलो तो उलट्याच दिशेला. मागून कुणीतरी ओरडलं, "यल्ला, इकडे!" मशीन आडवं पडलं होतं. फहदला ओढून बाहेर काढलं. तो जिवंत होता. जाधवसर गेले होते.

चौकशी झाली. गिअरबॉक्स उघडला, दाते शाबूत. सेन्सर तपासला, तोही चांगला. फहद मोडक्या हिंदीत म्हणाला, "प्रेशर था, फिर नहीं था." त्याहून जास्त त्यालाही सांगता येईना. पुढच्या नमुन्यात स्किड रुंद केले, तेलाची नळी बदलली. नेमकं काय बिघडलं होतं, ते न कळताच.

महिन्याभराने मॅडमचा, जाधवसरांच्या पत्नीचा, साताऱ्याहून फोन आला.

"कदम, तुम्ही आयुष्यभर हीच मशीनं पाहिलीत. काय झालं हो?"

"मॅडम, खरंच माहीत नाही."



"एवढं मात्र डोळ्यांनी पाहिलं," मी पुढे म्हणालो. "आम्ही सगळे तंबूत होतो. सरांनी मशीन मोकळ्या वाळूकडे वळवलं."

त्या म्हणाल्या, "थांबा, मुलांना बोलावते. हे त्यांना तुम्हीच सांगा."