न्यूट्रलमध्ये सापडलेली जीप

ती घटना आजही आठवते, आणि आठवते ती माझ्या चुकीसकट.

माझं शिक्षण सातवीपर्यंत. नवरा पोलिसात होता, नोकरीत असतानाच वारला. त्याच्या जागी मला घेतलं. शिपाई म्हणून लागले आणि सहायक फौजदार होऊन निवृत्त झाले. नावं कुणाचीच लिहीत नाही. माणसं अजून त्याच गावात राहतात.

माण तालुक्यातल्या एका ठाण्यात मी दोन वेळा मिळून अकरा वर्षं काढली. प्रत्येक ठाण्यात फरारी आरोपींची यादी असते. फरारी माणूस जत्रेला घरी येतो असा अनुभव आहे, म्हणून त्या दिवशी पोलीस त्याचं घर बघून येतात. आमच्या यादीत एक ड्रायव्हर होता. मालकाची जीप घेऊन पळाला, अशी मालकाची फिर्याद होती. मी ठाण्यात आले तेव्हाच त्याला पंचवीस वर्षं उलटून गेली होती. घरी बायको एकटी, म्हणून ते काम माझ्याकडं आलं.

बाई शेळ्या राखायची. मी दारात दिसले की म्हणायची, "या बाईसायेब. कणगीत बघा, हंड्यात बघा. त्यातच बसलाय माजा न्हवरा."

मी खरंच बघायचे. तिच्या मुलीची दोन स्थळं 'चोराची पोर' म्हणून मोडली होती. शेवटी तिला लांब सांगलीकडं दिली होती. हे मला माहीत होतं, पण ते माझं काम नव्हतं.

माझ्या नोकरीची दोन वर्षं राहिली असताना खबऱ्याचा फोन आला. "मॅडम, फलटणात एका मिस्त्रीकडं मिलिटरीची जुनी जीप उतरलीया. कागूद कसलाच न्हाई."

फलटणच्या ठाण्यात नोंद करून आम्ही गेलो. मिस्त्री साठीचा मुसलमान गृहस्थ. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या लष्करी गाड्या शोधायच्या आणि पुन्हा चालू करायच्या, हेच त्याचं काम. शेडमध्ये जीपचा नुसता सांगाडा होता. अंगभर वाळलेला गाळ.

"चोरीची हाय का?" मी विचारलं.

"चोरीची असती तर रस्त्याच्या तोंडाला ठिवली असती व्हय? भंगारवाल्याकडनं घेतली. तुमच्याच भागातल्या पाझर तलावाचा गाळ काढताना जेसीबीला लागली."

"ही लढाईतलीच कशावरून?"

"पुढच्या जाळीच्या खाचा मोजा. नऊ हायत. लढाईनंतर ज्या आल्या त्यास्नी सात. आन् ह्यो दिवा बघा, उलटा फिरतो, इंजिनावर उजेड पाडाया. शिपायासाठी केलेली गाडी हाय ही, मॅडम. लष्करानं लिलावात काढली आसंल, मग कुणीतरी गावाकडं आणली."

चॅसिसच्या डाव्या दांड्यावर त्यानं रॉकेल लावून ब्रश मारला, वर खडू घासला. अर्ध्या तासात ठोकलेला नंबर वाचता आला. मी तो वहीत उतरवून घेतला. ठाण्यात येऊन जुनी फिर्याद काढली. नंबर तोच. आमच्या ड्रायव्हरनं पळवलेली जीप त्याच्या गावापासून चार किलोमीटरवर गाळाखाली होती.

त्याच फायलीत माझे स्वतःचे अहवाल होते. एकात मी लिहिलं होतं: 'पत्नी कुंकू लावते व मंगळसूत्र घालते. त्यावरून आरोपी जिवंत असून तिच्या संपर्कात असावा.' या वाक्याबद्दल साहेबांनी मला शाबासकी दिली होती.

सगळे म्हणाले, गाडीसकट तळ्यात पडला असेल. गाळ चाळला. हाडं मिळाली नाहीत. जीप जप्त केली, पण सुपूर्दनाम्यावर, म्हणजे सांभाळायची असं लिहून घेऊन, मिस्त्रीकडंच ठेवली. ठाण्याच्या आवारात आणली असती तर आमच्या लोकांनी ओढून तिचे तुकडे केले असते. पंचांसमोर एकेक भाग उघडायला मी त्याला सांगितलं. त्याची एक सवय होती. गंजलेला भाग हलवायच्या आधी तो कसा बसलाय ते तो बघायचा. एवढी सवय आमच्या खात्यात असती तर बरं झालं असतं.

त्यानं गिअरबॉक्सचं वरचं झाकण काढलं आणि हात मागं घेतला.

"बाहेरचा दांडा जेसीबीनं मोडलाय. पर आतलं समदं गंजून जागच्या जागी धरलंय. न्यूट्रल हाय. हँडब्रेक बी सोडल्याला."

"मग?"

"चालवत पाण्यात गेला असता तर गिअर पडल्याला असता. ही ढकललीया. आन् बंधाऱ्यावर चढवून ढकलायची म्हंजी चार गडी पायजेत." झाकण खाली ठेवून तो म्हणाला, "चोर गाडी इकाया नेतो, मॅडम. बुडवाया न्हाई."

मालक मरून गेला होता. त्याचा थोरला मुलगा फौजेतून पेन्शन घेऊन आला होता. गावात मान होता. त्याला ठाण्यात बोलावलं. चौकशीत आरडाओरडा करणाऱ्यांतली मी नाही. मी चहा मागवला आणि त्याला बोलू दिलं.

"प्याला आसंल आन् तळ्यात घातली आसंल," तो म्हणाला. "आमाला वाटलं पळाला."

"म्हणजे चालवत गेला?"

"दुसरं काय?"

मी तसाच जबाब लिहून घेतला आणि त्याची सही घेतली. मग त्याला शेजारच्या खोलीत नेलं. तिथं मिस्त्रीनं गिअरबॉक्स आणून टेबलावर ठेवला होता. फौजेत गाड्या चालवलेला माणूस तो. त्यानं वाकून आत बघितलं. मग पाणी मागितलं, खाली बसला आणि सांगू लागला.

एकोणीस वर्षांचा असताना तो जीप शिकत होता. ड्रायव्हर शेजारी बसला होता. ओढ्याच्या वळणावर जीप उलटली. ड्रायव्हर खाली सापडला आणि तिथंच गेला. मुलाला भरतीचं बोलावणं आलं होतं. पोलीस केस झाली असती तर भरती गेली असती. बापानं गडी बोलावले, प्रेत शेताच्या बांधात पुरलं, जीप पावसाळ्यात भरलेल्या तलावात ढकलली आणि दुसऱ्या दिवशी चोरीची फिर्याद दिली. आम्ही ती लिहून घेतली.

"ड्रायव्हरच्या बायकोकडं कवा गेलासा का?" मी विचारलं.

"न्हाई गेलो. धीर झाला न्हाई."

तहसीलदार आणि पंचांसमोर बांध उकरला. हाडं मिळाली. प्रयोगशाळेत ती सांगलीच्या मुलीच्या रक्ताशी जुळली. खटल्याचं पुढं काय झालं ते कोर्टाचं. ते इथं लिहीत नाही.

बायकोला सांगायला मीच गेले. ती गोठ्यात होती. "औंदा जत्रंआदीच आलासा?" ती म्हणाली.

मी आडवळणानं सांगितलं नाही. नवरा जीप गेली त्याच दिवशी मेला होता, चोर नव्हता, असं सांगितलं. ती शेळीचं दावं हातात धरून उभी राहिली.

"मग तुमी दर साल कुणाला हुडकत व्हतासा?"

मी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

"म्या कुकू लावीत व्हते ते तुमच्यापायी," ती म्हणाली. "लोक म्हनायची, मेला आसंल, पुसून टाक. म्या म्हनायची, सरकार हुडकतंय म्हंजी आसंल कुठंतरी जिता. मेल्याल्याला कोन हुडकतंय?"

तेव्हा मी तिला माझा अहवाल सांगितला. तिच्या कपाळाकडं बघून मी काय लिहीत होते ते सांगितलं. सांगायची गरज नव्हती, पण लपवलं असतं तर माझ्यात आणि त्या मालकाच्या मुलात फरक राहिला नसता. तिनं शेळी बांधली आणि आत गेली. मी दारातच उभी होते. अकरा वर्षांत त्या घरात मी कधी बसले नव्हते.

या केसमधून मी शिकले ते हेच. फिर्याद देणाऱ्याच्या ओट्यावर आम्ही बसून चहा पितो. ज्याच्यावर फिर्याद आहे त्याच्या घरी उभ्यानं जातो, भांडी उलटी करतो आणि निघतो. गेलेला माणूस कसा होता, हे त्याच्या बायकोला एकानंही विचारलं नव्हतं. पुढच्या दोन वर्षांत मी हाताखालच्या पोरींना सांगत राहिले, झडती घ्या, पण आधी बसा. काही बसल्या, काही हसल्या.

महिन्याभरानं बाईला सहीसाठी ठाण्यात बोलावलं. कपाळ मोकळं होतं. अंगठा उठवून झाल्यावर तिनं विचारलं, "ते चोराचं बुक कुठलं?"

मी फरारी यादी काढली. तिला वाचता येत नव्हतं. मी तिचं बोट धरून ओळीवर ठेवलं.

"ह्ये त्यांचं नाव?"

"होय. आता खोडायचं आहे." मी लाल पेन उघडलं.

तिनं बोट काढलं नाही. "खोडू नगा, बाई. त्यांचं नाव लिवल्यालं एवढंच हाय जगात. म्होरं लिवा, चोर न्हवता."

नियमात बसतं की नाही ते मी कुणाला विचारलं नाही. तिचं बोट होतं तिथून पुढं लिहिलं, आणि खाली माझी सही केली.